गुरू बसतो ते घर

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

सुनीता, लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. किती उशीर म्हणशील तर चाळीस वर्षं. त्यातले शेवटचे दोन दिवस तरी माझ्यामुळे गेले नाहीत, चष्म्याची काडी मोडली होती.

खरं तर पत्रच लिहिणार होतो. पण "चि. सुनीता हिस" इतकं लिहिलं की पुढे हात जात नाही. तीन कागद फुकट गेले. म्हणून ही डायरी घेतली. पतपेढीने जानेवारीत दिली होती. तिच्यात आजवर मी गॅसचा नंबर लावल्याच्या तारखा सोडून काही लिहिलेलं नाही. रोज थोडं थोडं लिहीन. तुला द्यायची की नाही ते नंतर ठरवीन.

रविवारी तू दीपेशला फोन केलास. तो जेवत होता, म्हणून त्याने आवाज मोठा करून फोन ताटाशेजारी ठेवला होता. पेणला स्वतःचं घर बांधलंस, सात डिसेंबरला वास्तुशांत आहे, हे मी ऐकलं. त्यापुढचंही ऐकलं. "बाबांना घेऊन ये. या वेळी नाही आले तर मी पुन्हा बोलावणार नाही." दीपेशला वाटलं मला ऐकू गेलं नाही. मला सगळं ऐकू येतं. ऐकू न आल्यासारखं केलं की लोक पुन्हा विचारत नाहीत, म्हणून तसं करतो.

सात डिसेंबरला अजून त्रेपन्न दिवस आहेत. आज दोनदा मोजले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज माझा उपास. चाळीस वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही, डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. जन्म मिठागरावर गेला, पण गुरुवारी मीठ खात नाही, यावरून तुझी आई माझी चेष्टा करायची. ती असती तर हे सगळं तिने तुला दोन वाक्यांत सांगितलं असतं. मला तसं जमत नाही, पण आज सांगून टाकतो.

तुझ्या आधी आम्हाला अंकुश झाला होता. तो चार वर्षांचा होऊन तापाने गेला. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. पुढे तू सहा वर्षांची झालीस आणि तुलाही तसाच ताप आला. अकरा दिवस उतरला नाही. बाराव्या दिवशी उतरला. तेराव्या दिवशी मी पनवेलला जोशीबुवांकडे गेलो आणि माझी पत्रिका करून घेतली.

गुरू म्हणजे देवांना शिकवणारा. विद्या, धर्म, मुलंबाळं सगळं त्याच्याकडून येतं, एवढं मलाही ठाऊक होतं. मी विचारलं, गुरू कसा आहे? ते म्हणाले, उत्तम आहे, स्वतःच्या मीन राशीत आहे, पण पाचव्या घरात बसला आहे. पाचवं घर मुलांचं. मला वाटलं, मग काय, मुलांची चिंता मिटली. जोशीबुवा म्हणाले, तसं नसतं. गुरू ज्या घरावर नजर टाकतो त्या घराचं भलं करतो, पण जिथे स्वतः बसतो तिथे काहीतरी कमी पडतं.

मी घरी चालत आलो. एस्टी समोरून गेली तरी हात केला नाही. अंकुश गेलाच होता, आता तू. माझ्या नशिबातला गुरू माझ्या मुलांच्या घरात ठाण मांडून बसलाय. मुलं माझ्याजवळ राहिली तर राहणार नाहीत, मी लांबून पाहिलं तर जगतील, असा मी त्याचा अर्थ लावला. आठ दिवसांत तुला पेणला मामाकडे नेऊन सोडलं. तुझ्या आईने मला चार महिने वाढलं, पण बोलली नाही.

पुढच्या वर्षी दीपेश झाला. तो आमच्याजवळच राहिला, पण त्याला एक दिवस ताप आला नाही; तुला लांब ठेवलं तेवढ्यावर गुरूचं भागलं, असं वाटलं. मग मी काय समजायचं होतं, तूच सांग.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज धनत्रयोदशी. पंचांगात आज संध्याकाळनंतर गुरू कर्केत जातो. कर्क त्याची उच्च रास. बारा वर्षांतून एकदा हा योग येतो. पण या खेपेला तो तिथे टिकत नाही. पाच डिसेंबरला उलटा फिरून पुन्हा मिथुनेत.

पाच डिसेंबर. आणि तुझी वास्तुशांत सातला.

दीपेशला म्हटलं, ताईला सांग, चार दिवस आधी घ्या. त्याने विचारलं का, मी सांगितलं. तो गाडी पुसत होता. म्हणाला, "सात तारखेला रविवार आहे बाबा. तुमच्या गुरूला कायमचीच सुट्टी, आम्हाला आठवड्यातून एक मिळते."

मनिषाने, म्हणजे सूनबाईने, त्याला गप्प बसायला सांगितलं. पण तीही हसत होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आज जे झालं ते नीट लिहितो, म्हणजे उद्या माझ्या डोक्यात त्याचं दुसरं काही होणार नाही.

दुपारी मालूआका ओवाळायला विचुंब्याहून रिक्षाने आली. तुझी आत्या आता ब्याऐंशीच्या आसपास आहे, पण आवाज तसाच. आपल्या आगऱ्यांच्या लग्नात अजून तिला धवले गायला बोलावतात. भट नसला तर चालेल, धवलारीण हवी, असे लोक अजून आहेत. दोनशे ओळी तोंडपाठ म्हणते आणि मध्ये नवरदेवाच्या मामाला टोमणा मारायलाही विसरत नाही.

बाकीच्यांचं जेवण झाल्यावर मनस्वी फोन घेऊन माझ्याजवळ बसली. नात बारावीत आहे, तिला माझं पंचांग बघणं म्हणजे गंमत वाटते. तिच्या फोनवर जन्मतारीख घातली की पत्रिका निघते. मी सांगितलं, एक जून एकोणीसशे एक्कावन्न, दिवेलागणीची वेळ. ती हसायला लागली. तिच्या आईचे वडील एक जून, कॉलेजातला शिपाई एक जून, खालच्या मजल्यावरचे काका एक जून. "आजोबा, तुमच्या वेळी काय सगळ्यांचा एकाच दिवशी नंबर लागला होता?"

मी म्हटलं, शाळेच्या दाखल्यावर आहे, शिक्का आहे त्यावर.

मालूआका पान जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "एक जून कुठशी आनलास तू, मादू? तू जल्मला तवा दिवाली होऊन गेली व्हती. भात खल्यावर व्हतं. दिवं लागलं व्हतं. आय भाताच्या उडवीच्या आडोशाला बसली आन मीच धावत गेले सुईनीला बोलवाया. पायात काटा मोडला तो अजून हाय, बघ."

आणि तिने खरंच टाच दाखवली.

मी विचारलं, कोणतं साल? ती म्हणाली, खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध फुटला ते साल किंवा त्याच्या पुढचं. नक्की कोणतं ते नाही सांगता येत. "मी काय तवा शालेत व्हते व्हय? शालेत तुला घातला."

सगळे हसले. मीही हसलो. ओवाळणी घालताना नोट तबकाच्या बाहेर ठेवली, ते मालूआकाने पाहिलं. तिला वाटलं साखर वाढली.

२४ ऑक्टोबर

छातीत धडधड. डॉक्टर म्हणाले गॅस आहे.

महिना वेगळा तर पत्रिकेचं लग्न वेगळं, लग्न वेगळं तर घरं वेगळी. मग गुरू कुठे बसला होता?

२७ ऑक्टोबर, सोमवार

कपाटातून पत्रिका काढली. पिवळ्या फडक्यात होती. जोशीबुवांचं अक्षर बारीक, त्यात अर्धं संस्कृत. मी सातवी पास असलो तरी मला ती तेव्हाही वाचता आली नव्हती, आजही आली नाही. त्यांनी तोंडाने जे सांगितलं तेवढंच माझ्याजवळ होतं.

जोशीबुवा जाऊन पंधरा वर्षं झाली. आता तिथे त्यांची नात प्रांजल बसते. जुन्या पनवेलात तीच खोली, तोच बाक, फक्त चौरंगावर पोथ्यांच्या जागी कॉम्प्युटर. पोरगी तिशीची असेल. मला आजोबा म्हणाली, पाणी दिलं, आधी पंखा लावला.

मी म्हटलं, पत्रिका चुकली आहे, नवीन कर. कार्तिक महिना, दिवेलागण, साल पन्नास किंवा एक्कावन्न. ती म्हणाली, तारखेशिवाय पत्रिका होत नाही. मी हटून बसलो तेव्हा तिने दोन्ही सालांचे ग्रह काढून पाहिले. एक्कावन्न असेल आणि महिन्याचा शेवट धरला तर गुरू अकराव्या घरात येतो. तिथून त्याची नजर थेट पाचव्या घरावर पडते.

"म्हणजे मुलांवर?" मी विचारलं.

"हो. बसलेला नाही, बघतोय. छान असतो असा गुरू."

आणि पन्नास असेल तर? पन्नास असेल तर नजरही नाही, बैठकही नाही. मुलांशी त्याचा काही संबंध नाही.

मी तिला दोन्ही सालं पुन्हा काढायला लावली. तेव्हा तिने विचारलं की हे सगळं आता, या वयात कशासाठी. मी सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही, एका ओळखीच्या माणसाने मुलीला लांब ठेवलं होतं असं म्हणालो. तिने पत्रिका उलगडली आणि आजोबांचं अक्षर मोठ्याने वाचायला घेतलं. पंचमात स्वगृहीचा गुरू. अपत्यांविषयी मनास चिंता राहील. गुरुवार करावा. हरभऱ्याची डाळ दान द्यावी. मुलांस शिकवावे, स्वतःही शिकत राहावे, या गुरूचा संतोष त्यातच आहे.

मी म्हटलं, पुढे? ती म्हणाली, पुढे शनीचं आहे. मी मागचं पान बघायला सांगितलं. मागे कोरं होतं. मुलीला लांब ठेवा असं कुठे आहे, ते शोध म्हटलं.

"असं कुठेच नाहीये, आजोबा. आणि तसं ते कधी सांगायचेही नाहीत. जिथे बसतो तिथे कमी, जिथे बघतो तिथे जास्त, हा नियम ग्रहाचा आहे. माणसाचा नाही. गुरू काही कमी करतो ते माणसाने स्वतः भरून काढावं म्हणून, असं ते मला शिकवायचे. म्हणून तर त्याला गुरू म्हणतात, नाहीतर सावकार म्हटलं असतं."

पोरगी हुशार आहे. पण वय लहान आहे, आणि तिला अजून मूल नाही.

२९ ऑक्टोबर

मालूआकाला फोन केला. बांध आधी फुटला की मी आधी झालो? ती म्हणाली, तुला आता शाळेत घालायचं आहे का पुन्हा. ठेवला फोन.

४ नोव्हेंबर

पाच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही. नुसता चाललो. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून हॉल. मनिषा म्हणाली, बाबा, तुम्ही बिल्डिंगच्या खाली फिरा, इथे फरशी झिजायला लागली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गुरू वक्री झाला.

पहाटे पाचला उठून गच्चीवर गेलो. आमचा मजला चौथा, गच्ची सहाव्याच्या वर. करंजाड्यात दिवे फार, तरी तो दिसतो, डोक्यावरून जरा पश्चिमेला, मोठा, न लुकलुकणारा. चाळीस वर्षं ज्याला घाबरलो त्याला मी कधी नीट बघितलं नव्हतं. पंचांगातच बघायचो. अगदी शांत दिसतो. वक्री झालाय असं वाटतसुद्धा नाही.

वॉचमन बुधाजी टाकीचं पाणी बघायला वर आला होता. कर्नाळ्याच्या डोंगराकडचा माणूस आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वीटभट्टीवर हाडं मोडून घेतली, आता इथे आहे. मी त्याला तारा दाखवला. तो म्हणाला, हा तर रोजचाच. मी त्याला मुलं किती विचारलं. पाच झाली, दोन गेली, तीन हायत.

दोन गेल्यावर बाकीच्यांना कुठे दुसरीकडे ठेवावंसं वाटलं नाही का, असं मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला.

"कुठं ठेवायचा?" तो म्हणाला. "आमी भट्टीव तं पोरा भट्टीव. आमी रानान तं पोरा रानान."

त्याचं बरोबर आहे. त्याला पत्रिका नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! आज पहिल्यांदा रात्रभर झोप लागल्यासारखं वाटतंय, अजून संध्याकाळच आहे तरी.

साल कोणतंही असो. पन्नास, एक्कावन्न, एक जून, मला आता फरक पडत नाही. जुनी पत्रिका खरी असली तर माझं तुझ्या घरात बसणं वाईट. नवी खरी असली तर माझं लांबून बघणं चांगलं. दोन्हींत बसलं कशाला पाहिजे? मी येईन, पण बसणार नाही. आत पाऊल टाकणार नाही. रस्त्यावर उभा राहून तुझं घर डोळे भरून पाहीन आणि येईन. तुझी अटही पाळली जाईल आणि घराला काही कमीही पडणार नाही.

दीपेशला सांगितलं, मी येतो. त्याने मला मिठीच मारली. एवढ्या मोठ्या माणसाने. उभं राहायचं सांगितलं नाही त्याला. तिथे गेल्यावर आपोआप कळेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

गुरू मिथुनेत परतला. नवा सदरा इस्त्री करून आणला.

८ डिसेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आजही अक्षर बघ कसं येतंय.

सकाळी साडेआठला निघालो. कर्नाळ्याच्या चढावर मनस्वीने गाणी लावली. तुझ्या घराचा रंग फिकट पिवळा आहे, मला फार आवडला. दारात आंब्याचं तोरण, अंगणात मांडव. दीपेश, मनिषा, मनस्वी आत गेले. मी फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे शेवग्याखाली उभा राहिलो.

जावईबापू, प्रदीपराव, स्वतः बाहेर आले, पाया पडले, आत चला म्हणाले. मी म्हटलं बाहेर बरं वाटतं. तुझी रिया सरबत घेऊन आली. कॉलेजात जाते ना ती? तुझ्या आईचं कपाळ आहे तिचं. मी उभ्यानेच प्यायलो. ती पेला घेऊन थांबली, काहीतरी बोलेन म्हणून. मी विचारलं, घरात हवा खेळती आहे ना? ती म्हणाली, आत येऊन बघा ना. मी पेला परत दिला.

पाऊण तास मी तुझं घर बघितलं. खिडक्या मोजल्या. वरच्या मजल्याचं काम बाकी आहे, सळ्या दिसत होत्या. दारातून होमाचा धूर येत होता आणि धुरात तू बसलेली दिसत होतीस, अर्धीच, एक खांदा आणि हात. मी मनात म्हणत होतो, बघतोय मी, बघतोय. मला वाटत होतं की मी काहीतरी देतो आहे.

मग तू उठलीस. पूजेतून मध्ये उठू नये. प्रदीपरावांच्या उपरण्याची आणि तुझ्या पदराची गाठ मारलेली होती, ते उपरणं तसंच ओढत तू फाटकापर्यंत आलीस. मांडवातली माणसं माना वळवून बघायला लागली. तू आवाज चढवला नाहीस.

"बाबा, मामाच्या ओटीवरही तुम्ही असेच उभे होतात. चप्पल काढली नाहीत. गाडी आली का बघून येतो म्हणालात. मी सहा वर्षांची होते, अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले. आज मी शेहेचाळीसची आहे. आता तरी सांगा, माझ्यात असं काय आहे की तुम्हाला माझ्या घरात बसवत नाही?"

सुनीता, मी एवढं म्हणायला हवं होतं, तुझ्यात काही नाही. तीन शब्द. मी तुला म्हणालो, पूजा खोळंबली आहे, आत जा, गाठ सुटेल.

तू माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलीस. मी गाडीत जाऊन बसलो. दीपेशने जेवणही अर्धवट सोडलं. परत येताना कोणी गाणी लावली नाहीत.

९ डिसेंबर

सुनीताला वाटतं तिच्यात काहीतरी आहे. चाळीस वर्षं तिला असं वाटतं आहे. हे मला का सुचलं नाही? मी माझ्याच घरांचा हिशेब करत बसलो.

१० डिसेंबर, बुधवार

दीपेश माझ्याशी बोलत नाही. जेवायला हाक मारतो तेवढंच.

संध्याकाळी मनस्वी आली आणि कॉटच्या कडेला बसली. म्हणाली, आजोबा, आत्याने पूजेशेजारी तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. हाताची, गादीची. ब्राह्मणालासुद्धा बसू दिलं नाही तिच्यावर. आम्ही निघालो तेव्हाही तशीच होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, म्हणजे मी कसा माणूस आहे ते तुला कळेल. मनात आलं, रिकामी राहिली हे बरं झालं, म्हणजे घराला काही होणार नाही. मग मनस्वीचं तोंड बघितलं. ती रडत होती. माझ्यासाठी की तुझ्यासाठी, मी विचारलं नाही.

तिला सगळं सांगितलं. अंकुशचं, जोशीबुवांचं, पाचव्या घराचं. ती मध्ये एकदाही हसली नाही. शेवटी म्हणाली, "हे तुम्ही आत्याला का नाही सांगितलंत?"

"ती काय म्हणाली असती?"

"ते तिने ठरवलं असतं ना, आजोबा. तुम्ही तिचं बोलणंही तुम्हीच ठरवताय."

१४ डिसेंबर, रविवार

आता जे लिहितो ते मनस्वीलाही सांगितलेलं नाही.

एक जून खोटा आहे हे मला मालूआकाने सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं. पहिल्यापासून.

बाप मला खांद्यावर बसवून शाळेत घेऊन गेला होता. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. बाप म्हणाला, भात झोडताना झाला, दिवं लागल्यावं. गुरुजी हसले. असली तारीख रजिस्टरात बसत नाही म्हणाले, आणि एक जून लिहून टाकली. मी खाली उतरून टेबलाला धरून उभा होतो. बाप दोनदा म्हणाला, "बराबर हाय ना गुरुजी?" ते मला आजही ऐकू येतं.

आणि चौतीस वर्षांचा असताना जोशीबुवांनी मला विचारलं, तारीख पक्की आहे ना? मी खिशातून दाखला काढून त्यांच्यासमोर ठेवला. मिठागरावर सही करणारा मी एकटा. बाकी सगळे अंगठे. त्या विद्वान माणसासमोर "भात झोडताना" असं बोलायला जीभ रेटेना. वाटलं, शिक्का आहे तर तेच खरं असेल. निदान शिकलेल्यासारखं दिसेल.

त्यांनी जे सांगितलं ते त्या एक जूनला जन्मलेल्या माणसाचं होतं. तसा माणूस कोणी नव्हताच. मी उठून म्हणू शकलो असतो, बुवा, थांबा, तारीख माझी नाही. त्या दिवशी नाही म्हणालो. तुला पेणला नेताना नाही म्हणालो. तुझ्या लग्नात, मामाने कन्यादान केलं तेव्हा दुसऱ्या रांगेत उभा होतो, तेव्हाही नाही. इतकी वर्षं गेल्यावर आता कबूल करायचं म्हणजे तुला उगाचच सोडलं असं होतं. ते मला झेपत नव्हतं. म्हणून मी गुरुवार करत राहिलो. एक गुरुवार चुकवला असता तरी सगळं उघड झालं असतं असं वाटायचं.

मग तुला मी कोणत्या गुरूमुळे सोडलं?

१६ डिसेंबर, मंगळवार

आज प्रांजलला फोन केला. नुसतं एवढंच विचारलं, गुरूने केलेली कमी माणसाने भरून काढायची म्हणालीस, ती किती वयापर्यंत? ती म्हणाली, आजोबा, तो गुरू आहे, परीक्षेला वयाची अट ठेवत नाही. मग म्हणाली, ओळखीच्या त्या माणसाला सांगा, जाऊन बसा म्हणावं.

तिला सगळं कळलं होतं तर.

१८ डिसेंबर, गुरुवार

रविवारी मनस्वी पेणला येणार आहे, रियाने बोलावलं आहे तिला. तिच्याबरोबर ही डायरी पाठवतो. तुला द्यायची की नाही ठरवीन म्हणालो होतो. ठरवलं. पहिल्या साडेनऊ महिन्यांत नुसत्या गॅसच्या तारखा आहेत, ते उलटून ये. अक्षर लागलं नाही तर रियाकडून वाचून घे, मला लाज नाही.

माझी भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आज सकाळीही पंचांग उघडलं. अंकुशचं तोंड आठवतं आणि वाटतं, न जाणो. पण ती भीती माझी आहे. तुझ्यात काही नव्हतं. तुझ्यात कधीच काही नव्हतं. हे तेव्हा फाटकात म्हणता आलं नाही, म्हणून इथे दोनदा लिहिलं.

तू म्हणाली होतीस, या वेळी आले नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही. मी आलो आणि आलो नाही, त्याला काय म्हणायचं ते तुझ्यावर. पुन्हा बोलावू नकोस, मीच विचारतो. येऊ का? दीपेशची गाडी नको, एस्टीने येतो. चप्पल बाहेर काढून आत येईन आणि तू सांगशील तिथे बसेन. उठ म्हणेपर्यंत उठणार नाही. तिथी, वार, काही बघणार नाही. मंगळवार म्हणालीस तरी मंगळवारी, अमावास्या म्हणालीस तरी.

उत्तर दीपेशकडे देऊ नकोस. तो माझ्यावर रागावला आहे, सांगायला विसरेल. मनस्वीकडेही नको. माझ्या नंबरवर कर. फोन मी उशाशी ठेवतो, उचलता येतो मला, फक्त थोडा वेळ वाजू दे. नाही म्हणायचं असलं तरी तूच म्हण, मी ऐकून घेईन. पण लवकर कळव, सुनीता. फार दिवस लावू नकोस.